कॉम्प्युटर सुरू होत नाही? आधी तो कुठं थांबला ते पाहा

भाद्रपदातली गोष्ट. तालुक्याच्या गावातल्या एका छापखान्यातून संध्याकाळी फोन आला. दिवाळी अंकाची बहुतेक पानं लावून झाली होती, चार जाहिराती आणि मुखपृष्ठ तेवढं राहिलं होतं, आणि सकाळपासून कॉम्प्युटर सुरू होत नव्हता. आदल्या रात्री पावसात लाइट गेली होती ती पहाटे आली. कुणीतरी येऊन मशीन पाहिलं आणि 'विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावा लागेल' असं सांगून तो निघून गेला. छापखान्याचे मालक मला विचारत होते, "फॉरमॅट मारला तर पानं राहतील ना?"

मी म्हटलं, "काका, फॉरमॅटचं नंतर बघू. बटण दाबल्यावर तो कुठपर्यंत पोचतो, तेवढं आधी सांगा."

त्यांनी फोन कानाला धरूनच बटण दाबलं. पंखा फिरला. कंपनीचं चिन्ह आलं. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ उमटली. ती त्यांनी एकेक शब्द करत वाचून दाखवली : 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'.

एवढ्यावर निम्मं काम झालं होतं. वीज पोचतेय, रॅम चालतेय, डिस्प्ले येतोय. अडलंय ते हार्ड डिस्कपाशी, आणि विंडोजची पाळी अजून आलेलीच नाही. जिची पाळीच आली नाही ती विंडोज उडाली, हे कुणी कशावरून ठरवलं? त्या मशीनमध्ये पुढं काय निघालं ते योग्य जागी सांगतो. पण या लेखात मला जे सांगायचं आहे ते मालकांना विचारलेल्या त्या प्रश्नातच आहे. 'सुरू होत नाही' ही तक्रार झाली. तो कुठपर्यंत पोचतो हे पाहिलं की निदानाला सुरुवात होते, आणि एवढं पाहणं घरातल्या कुणालाही जमतं.

बटण दाबल्यावर काय काय घडतं

कॅबिनेटच्या मागं पंखा असलेला पत्र्याचा डबा दिसतो, तो एसएमपीएस. बटण दाबलं की मदरबोर्ड त्याला इशारा करतो, आणि तो घरातल्या २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी तयार करून सगळ्या भागांना पुरवतो. व्होल्टेज स्थिर झालं की प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरच्या एका चिपमधला प्रोग्रॅम चालवू लागतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायॉस म्हणतात, नव्यात यूईएफआय. बोलताना आपण दोन्हीला बायॉसच म्हणतो. हा बायॉस रॅम, ग्राफिक्स, कीबोर्ड, डिस्क अशी सगळ्यांची हजेरी घेतो. हजेरी लागली की डिस्कवरून विंडोजचा पहिला तुकडा उचलतो, आणि तिथून पुढचा कारभार विंडोजच्या हाती जातो.

म्हणजे टप्पे चार : वीज, डिस्प्ले, डिस्क आणि विंडोज. मागचा टप्पा पार झाल्याशिवाय पुढचा येत नाही. काहीच हालचाल नसलेल्या मशीनमध्ये विंडोज टाकायचा विचार करू नये आणि विंडोजचं चिन्ह दिसत असेल तर एसएमपीएस बदलायची घाई करू नये.

कॅबिनेट उघडण्याआधी

भिंतीतलं बटण बंद करून थांबू नका, पिन सॉकेटमधून उपटून काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेली वीज उतरते. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगावरची स्थिर वीज तिथं जाते. कोकणातल्या दमट हवेत हा त्रास कमी होतो, पण पठारावर थंडीत हवा कोरडी असते. स्वेटर काढताना तडतड आवाज होतो त्या दिवसांत ही काळजी जास्त घ्या.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. एसएमपीएसचा डबा उघडू नका. पिन काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ साठून राहू शकतो.

पहिला टप्पा : काहीच होत नाही

दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. अशा वेळी कॅबिनेटपासून नाही, भिंतीपासून सुरुवात करा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहा. तो चालला तर स्पाइक गार्ड बाजूला ठेवून कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीत लावा. स्पाइक गार्ड आणि एक्स्टेंशन बोर्ड यांचे आतले पत्रे सैल होतात, आणि बाहेरचा लाल दिवा लागलेला असला तरी पिनेला नीट वीज मिळत नाही. यूपीएस असेल तर तोही वगळून पाहा. बॅटरी बसलेला यूपीएस लाइट असतानाही मशीन उठू देत नाही, असं बरेचदा होतं.

मग एसएमपीएसच्या पाठीवरचं छोटं बटण पाहा. झाडलोट करताना किंवा टेबल सरकवताना ते बंद होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच्याशेजारी लाल रंगाचं ११५/२३० लिहिलेलं दुसरं बटण असेल तर ते २३० वरच हवं. मागची काळी वायरही बदलून पाहा. मॉनिटरची वायर बहुधा तशीच असते, ती काढून कॅबिनेटला लावली की दोन मिनिटांत कळतं.

एवढं करूनही शांतताच असेल तर कॅबिनेट उघडा. मदरबोर्डवरचा २४ पिनांचा रुंद जोड आणि प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा जोड दाबून घट्ट बसवा. यानंतरची शंका समोरच्या बटणावर. वर्षानुवर्षं दाबून ते आतून निकामी होतं. त्या बटणाच्या दोन बारीक वायरी मदरबोर्डच्या कोपऱ्यात 'पॉवर स्विच' लिहिलेल्या दोन पिनांवर बसलेल्या असतात. त्या काढायच्या, मशीनची पिन परत सॉकेटमध्ये लावायची आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना क्षणभर टेकवायचं. इथं ५ व्होल्टच्या आतला दाब असतो, शॉक बसत नाही. पण नेमक्या त्याच दोन पिना हव्यात. मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत त्यांची आकृती असते. ती नसेल आणि खात्रीही नसेल, तर हे काम जाणकारावर सोडा. पंखा फिरला तर दोष फक्त बटणात. नाही फिरला तर दुसरा, चालणारा एसएमपीएस जोडून पाहणं हाच सरळ उपाय, आणि तो दुकानात होतो.

पावसाळ्यात आणखी एक कारण निघतं. उबेसाठी मुंग्या आणि पाली एसएमपीएसमध्ये शिरतात आणि शॉर्ट होतो. जळका वास आला, ठिणगी दिसली किंवा घरातला एमसीबी पडला, तर पुन्हा चालू करून पाहू नका. तसंच चालू मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घराचं अर्थिंग तुटलेलं आहे असं समजा. ते काम वायरमनचं आहे आणि ते आधी करून घ्या.

दुसरा टप्पा : पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही

दुकानांत सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. इथं पहिली शंका मॉनिटरवर घ्यायची. मॉनिटरचा दिवा लागलाय का? पडद्यावर 'नो सिग्नल' येतंय का? येत असेल तर मॉनिटर जिवंत आहे. केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवा. मॉनिटरच्या मेनूत इनपुट बदलून पाहा, कारण केबल एचडीएमआयची आणि मॉनिटर व्हीजीएवर अडकलेला असं होतं. कॅबिनेटमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच कार्डाला हवी. मागं दोन ठिकाणी सारखेच पोर्ट दिसतात आणि झाडून-पुसून परत लावताना चुकीच्या पोर्टात केबल जाते.

मग कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतोय-विझतोय असं दिसलं तर मशीन आत काम करतंय, फक्त चित्र पोचत नाही. दिवा ढिम्म राहिला तर हजेरीच पूर्ण झालेली नाही. अशा वेळी कान द्या. मशीनला स्पीकर असेल तर ते बीप मारतं. एक छोटा बीप बहुधा 'ठीक आहे' असं सांगतो. थांबून थांबून वाजत राहणारे बीप बहुतेक वेळा रॅमकडे बोट दाखवतात. एक लांब आणि पाठोपाठ छोटे बीप आले तर अनेक मशीनमध्ये ती ग्राफिक्सची तक्रार असते. बायॉस कोणत्या कंपनीचा आहे त्यावर अर्थ बदलतात, म्हणून बीप मोजून कागदावर लिहा आणि मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहा. अलीकडच्या बऱ्याच मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार बारीक दिवे असतात. ज्याच्यापाशी दिवा अडकून राहील तिथं शोधा.

आता रॅम. पावसाळ्यानंतर बंद पडलेली कितीतरी मशीन मी फक्त रॅम पुसून चालू केली आहेत, म्हणून हे काम सावकाश सांगतो. पिन काढून, पत्र्याला हात लावून झाला की कॅबिनेट आडवं ठेवा. मदरबोर्डवर उभ्या बसवलेल्या हिरव्या किंवा काळ्या पट्ट्या दिसतील. पट्टीच्या टोकांना प्लॅस्टिकच्या कड्या असतात. काही बोर्डांवर एकाच बाजूची कडी उघडते. ती बाहेर ढकलली की पट्टी थोडी वर उचलली जाते. तिला कडेनं धरून सरळ वर काढा. खालच्या काठावर सोनेरी दातांची रांग दिसेल. डीडीआर-४ च्या पट्टीवर दोन्ही बाजू मिळून २८८ दात असतात. उजेडात तिरकं धरून पाहा. दमट हवेनं आणि धुळीनं त्या सोनेरी रांगेवर धुरकट थर बसलेला दिसतो. शाळेतलं पांढरं, मऊ खोडरबर घ्या. पट्टी टेबलावर सपाट ठेवून दात एकाच दिशेनं, काठाकडे, हलक्या हातानं पुसा. खोडरबराचा चुरा ब्रशनं झटका, फुंकर मारू नका, फुंकरीत ओल असते. बोर्डवरची खाचही कोरड्या ब्रशनं साफ करा. मग पट्टीतली खाच आणि बोर्डातला उंचवटा जुळवून पट्टी उभी ठेवा आणि दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून एकसारखा जोर द्या. 'टक्' असा आवाज होऊन कडी आपोआप बसली पाहिजे. कडी बसली नाही म्हणजे रॅम बसली नाही.

दोन पट्ट्या असतील तर एका वेळी एकच लावून चालू करा, आणि खाचही बदलून पाहा. त्यातून खराब पट्टी कोणती आणि खराब खाच कोणती हे वेगवेगळं कळतं. नवं डीडीआर-५ चं मशीन असेल आणि नुकतीच रॅम बदलली असेल तर काही मिनिटं काळा पडदा राहू शकतो. ते रॅमची जुळवाजुळव करत असतं. घाबरून मधेच बंद करू नका.

रॅमनं उपयोग झाला नाही तर प्रिंटर, पेनड्राइव्ह, वेबकॅम असं बाहेरचं सगळं काढा. ग्राफिक्स कार्ड काढून परत बसवा. प्रोसेसरजवळचा चार-आठ पिनांचा जोड पुन्हा तपासा, कारण तो निसटला तरी पंखे फिरतात आणि डिस्प्ले मात्र येत नाही. मशीन चालू होऊन काही सेकंदांतच बंद पडत असेल तर प्रोसेसरवरचा पंखा फिरतोय का आणि त्याच्या चारही पिना बसल्यात का ते पाहा. हीटसिंक सैल झाला की प्रोसेसर तापतो आणि मशीन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं.

तिसरा टप्पा : डिस्क सापडत नाही

छापखान्यातलं मशीन इथं अडलं होतं. 'नो बूटेबल डिव्हाइस', 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' किंवा वर सांगितलेली ओळ, तिन्हींचा अर्थ एकच : ज्या डिस्कवर विंडोज आहे तिथं बायॉस पोचला नाही. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर ती काढून पुन्हा चालू करा. मशीन कधी कधी त्यातच विंडोज शोधत बसतं.

तरी तीच ओळ आली तर बायॉसमध्ये जायचं. चालू केल्याबरोबर डेल किंवा एफ-२ ची कळ पुन्हा पुन्हा दाबत राहा. काही कंपन्यांची कळ एफ-१० किंवा एस्केप असते, चिन्हाच्या पडद्यावर खाली ती लिहिलेली दिसते. आत गेल्यावर दोनच गोष्टी पाहायच्या : तारीख बरोबर आहे का आणि यादीत तुमची डिस्क दिसते का.

मी गेलो तेव्हा छापखान्यातल्या मशीनची तारीख कित्येक वर्षं मागं गेली होती. दोन डिस्का होत्या, दोन्ही यादीत दिसत होत्या. विंडोज एकीवर, जुन्या कामांचा साठा दुसरीवर. मदरबोर्डवर रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, ३ व्होल्टची. बाहेरची वीज नसताना घड्याळ आणि बायॉसमधली निवड ती जपते. ती संपलेली होती. इतके दिवस बोर्डला बाहेरची वीज मिळत असल्यानं कुणाला कळलं नाही. त्या रात्री लाइट गेली आणि बायॉस सगळं विसरला. विंडोजची डिस्क पहिली, ही निवडही त्यात गेली, आणि तो साठ्याच्या डिस्कवर विंडोज शोधू लागला. घड्याळाच्या दुकानातून बॅटरी आणली, बसवली, तारीख लावली, डिस्कांचा क्रम बदलला, एफ-१० दाबून जतन केलं. विंडोज आली. पानं जिथं सोडली होती तिथंच होती.

तुमच्याही मशीनची तारीख मागं जात असेल, सगळ्या वेबसाइट 'सुरक्षित नाही' असं म्हणू लागल्या असतील, तर ती याच बॅटरीची आगाऊ सूचना आहे. जुनी बॅटरी काढण्याआधी बायॉसच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो घ्या. डिस्कची पद्धत, म्हणजे एएचसीआय की रेड, बदलली गेली तरी विंडोज उठत नाही. फोटो असला की ती परत लावता येते.

डिस्क यादीत दिसतच नसेल तर मशीन बंद करून, पिन काढून, डिस्कच्या दोन्ही केबली घट्ट करा. साटाची चपटी डेटा केबल बदलून आणि दुसऱ्या पोर्टात लावून पाहा. आणि डिस्कजवळ कान नेऊन ऐका. फिरणाऱ्या हार्ड डिस्कमधून ठरावीक तालात 'टिक... टिक...' असा आवाज येत असेल तर तिथंच थांबा. आतलं वाचणारं टोक तबकडीपासून केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. ते बिघडलेलं असताना केलेला प्रत्येक प्रयत्न तबकडी खरवडू शकतो. अशी डिस्क पुन्हा पुन्हा लावून पाहिल्यामुळं मिळू शकणारी माहितीही कायमची जाते.

चौथा टप्पा : विंडोज अर्ध्यावर थांबते

विंडोजचं चिन्ह येतं, ठिपके फिरत राहतात, निळा पडदा येतो किंवा मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं. इथं भाग बहुधा ठीक असतात, अडचण फायलींची किंवा नुकत्याच झालेल्या अपडेटची असते.

अपडेट चालू असल्याचं पडद्यावर लिहिलेलं असेल तर निदान तासभर वाट पाहा. तसं काही नसेल तर दुरुस्तीच्या पडद्यावर जायचं. चिन्ह दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज १० आणि ११ स्वतःच 'ऑटोमॅटिक रिपेअर' कडे वळतात. तिथं ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. आधी स्टार्टअप रिपेअर चालवा. उपयोग झाला नाही तर अनइन्स्टॉल अपडेट्समधून शेवटचं अपडेट काढा. मग सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे मशीन चालू होतं त्या जुन्या तारखेला परत नेणं. यात तुमच्या फायलींना हात लागत नाही. आणि स्टार्टअप सेटिंग्जमधून रीस्टार्ट करून ४ दाबलं की सेफ मोड. सेफ मोडमध्ये विंडोज उठली तर नुकतंच टाकलेलं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर काढून टाका.

या पद्धतीचं बळ जगानं १९ जुलै २०२४ ला पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. भारतातही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावरचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं, एका फोल्डरमधली एक फाइल काढायची, रीस्टार्ट करायचं. मशीन फॉरमॅट करण्याची गरज नव्हती. बऱ्याच ठिकाणी वेळ गेला तो एका आकड्यापायी. डिस्क बिटलॉकरनं बंद केलेली असली की दुरुस्तीच्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती शोधावी लागत होती.

हा आकडा तुमच्याही घरी मागितला जाऊ शकतो. मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन केलेल्या विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला ते माहीत नसतं. बायॉसमध्ये बदल केला तरी विंडोज ही की मागते. ती बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, दुसऱ्या मशीनवर किंवा मोबाइलवर साइन-इन करून मिळते.

फॉरमॅटला 'हो' म्हणण्याआधी

फॉरमॅट मारून कधी कधी मशीन खरंच सुरू होतं. म्हणून तो सगळ्यात सोपा उपाय वाटतो, आणि म्हणूनच मला त्याची काळजी वाटते. 'माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे' असं लोक खात्रीनं सांगतात. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही सी ड्राइव्हमध्ये असतात. मुलांचे फोटो, प्रबंधाचं प्रकरण, दुकानाचा हिशेब डेस्कटॉपवरच ठेवलेला असतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाही बरेचदा सी मध्येच कुठंतरी आत असतो. एसएसडीवर तर गेलेली फाइल परत मिळण्याची शक्यता जुन्या हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी कमी, कारण मोकळी झालेली जागा एसएसडी स्वतःहून पुसत जाते.

मराठीत काम करणाऱ्यांनी फाँटही विसरू नयेत. युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये लावलेली पानं अजूनही छापखान्यांतून आहेत. फायली वाचल्या पण फाँट गेले, तर पडद्यावर अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा गिचमिड कारभार दिसतो. म्हणून फाँटचं फोल्डर, सॉफ्टवेअरची की आणि डोंगल यांची नोंद आधी करून ठेवा.

विंडोज उठत नसली तरी माहिती काढता येते. दुसऱ्या मशीनवर पेनड्राइव्हमध्ये उबुंटूसारखं लिनक्स घ्या, बंद मशीनला तो पेनड्राइव्ह लावून, एफ-१२ किंवा त्या कंपनीच्या कळीनं बूट मेनू उघडून सुरू करा, आणि 'ट्राय' निवडा. 'इन्स्टॉल' नव्हे. डिस्कवरची फोल्डर दिसतील, ती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. किंवा डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या मशीनला लावा. हे झाल्यावरच विंडोज टाकायचा विचार. 'रीसेट धिस पीसी' मध्ये 'कीप माय फाइल्स' हा पर्याय फायली ठेवतो पण टाकलेली सगळी सॉफ्टवेअर काढतो. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' नावाप्रमाणंच करतं.

लॅपटॉपचं थोडं वेगळं

लॅपटॉप मेल्यासारखा झाला तर चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जर लावून चालू करा. हा उपाय बरेचदा लागू पडतो. टाइप-सी चार्जिंगचा लॅपटॉप असेल तर चार्जर त्याच लॅपटॉपचा आहे ना, हे पाहा. लॅपटॉपला ४५ किंवा ६५ वॉट लागतात, मोबाइलचा साधा चार्जर तिथं पुरत नाही. दिवा लागतो पण पडदा काळा असेल तर अंधारात टॉर्च तिरका मारून पाहा. पुसट चित्र दिसलं तर पडद्यामागचा उजेड गेला आहे, मशीन ठीक आहे. टीव्हीला एचडीएमआय केबलनं जोडूनही खात्री करता येते. टचपॅड वर आलेला किंवा झाकण बसत नाही असं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तात्काळ थांबवा आणि ती दाबू, टोचू नका.

पाण्यात गेलेलं मशीन

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी घरांत, दुकानांत शिरलं. असं मशीन हाती आलं की 'चालतंय का बघू' म्हणून बटण दाबायचा मोह होतो. तो आवरा. पाण्यानं जेवढं बिघडत नाही तेवढं ओल्या बोर्डात वीज सोडल्यानं बिघडतं. पिन काढा, गोल बॅटरी काढा, लॅपटॉप असेल तर त्याच्या बॅटरीची जोडणी काढायला सांगा. हार्ड डिस्क वेगळी करून ठेवा. ती उघडू नका, उन्हात किंवा हेअर ड्रायरनं वाळवू नका. आत महत्त्वाचं असेल तर तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. लॅपटॉपवर चहा सांडला तर आधी बंद, मग चार्जर बाहेर, मग पालथा. तांदळात ठेवून काही साधत नाही. आत साखर आणि दूध राहतं, ते उघडूनच धुवावं लागतं.

दुकानात नेताना

'चालत नाही' एवढंच सांगू नका. पंखा फिरतो का, बीप किती, पडद्यावरची ओळ कोणती, शेवटचं कधी चालू होतं आणि त्यानंतर काय झालं, हे एका कागदावर लिहून द्या. पडद्याचा फोटो सोबत न्या. आणि ठळक अक्षरांत लिहा : 'मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.' बदललेला जुना भाग परत मागा. चांगला कारागीर याचा राग धरत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं.

मशीन चालू आहे तोवर

आज तुमचं मशीन नीट चालत असेल तर अर्धा तास काढा. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती असू द्या. त्यांपैकी दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि एक घराबाहेर, क्लाउडवर किंवा भावाच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर. बिटलॉकरची ४८ अंकी की कागदावर उतरवा. बायॉसच्या पडद्यांचे फोटो घ्या. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दसऱ्याच्या सुमारास, धूळ काढा. दसऱ्याला यंत्रांची पूजा होतेच, त्या दिवशी कॅबिनेट उघडून ब्रश फिरवायला हरकत नाही.

छापखान्याच्या मालकांनी त्या संध्याकाळी अंकाची सगळी पानं आणि फाँटचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं, मगच मुखपृष्ठाला हात घातला. परवा गेलो तेव्हा कॅबिनेटच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. वर बॅटरी बदलल्याची तारीख, खाली कोणती डिस्क पहिली ते, आणि त्याखाली त्यांच्याच अक्षरात एक ओळ : 'बंद पडला तर आधी बघा, कुठपर्यंत येतो.'